शेतीच्या संशोधनात बाईला कोण विचारतं?



आजचा पाठ जरा वेगळा आहे. पाचवी ते आठवीच्या परिसर अभ्यासात, भूगोलात आणि नागरिकशास्त्रात तो थोडा थोडा विखुरलेला सापडेल, पण एका ठिकाणी सहसा मिळत नाही. म्हणून म्हटलं, आपणच मांडूया. विषय आहे शेती आणि पशुपालनाच्या संशोधनातला लिंगभाव. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

जून महिना होता. पहिलीचे प्रवेश चालू होते आणि बाहेर धो धो पाऊस. एक काकी मुलीला घेऊन आल्या. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर भिजलेला टॉवेल. लावणी अर्धी टाकून आल्या होत्या. मी फॉर्म भरत होते. "वडिलांचा व्यवसाय?" तर म्हणाल्या, "शेती." वडील मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारे. मी "शेती" लिहिलं. "आईचा व्यवसाय?" काकी हसल्या. "माझो कसलो व्यवसाय, बाई? शेती तेंच्या नावार. मी आपली घरातच असतंय."

आणि मी लिहिलं, "गृहिणी".

त्या गेल्या तेव्हा फरशीवर त्यांच्या पायाचा चिखल तसाच होता. शिपाईमामांनी तो पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यासमोर जी शेतकरी उभी होती तिला मी कागदावरून पुसून टाकलं, आणि जो चिखलात नव्हता त्याला शेतकरी केलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ना माझा, ना काकींचा, ना फॉर्म छापणाऱ्याचा. पण अशाच कागदांतून आकडे तयार होतात, आकड्यांतून योजना ठरतात आणि योजनांतून संशोधनाची दिशा ठरते. आजचा पाठ ह्याच चिखलाबद्दल आहे.

१) लिंग आणि लिंगभाव : आधी शब्द समजून घेऊ

आपल्या परसातलं कोकमाचं (रातांब्याचं) झाड घ्या. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. बी लावून रोप केलं तर ते नर निघणार की मादी हे पहिली काही वर्षं कळतच नाही. फुलं आली की कळतं. नर निघालं तर इतकी वर्षं वाढवूनही फळ नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी मादी झाडाच्या काड्या घेऊन कलमं बांधायची पद्धत रूढ केली. हा झाला निसर्गाने ठरवलेला फरक. त्याला लिंग म्हणतात.

आता पुढे बघा. रातांबे झाडावर चढून काढायचे कोणी? बहुतेक घरात पुरुषांनी. ते फोडून, बिया वेगळ्या करून, आगळात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात सुकवायचे कोणी? बाईने. वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन सोलं उचलायची कोणी? बाईनेच. हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. हे आपण, म्हणजे समाजाने, ठरवलंय. कोणी कोणतं काम करायचं, पैसे कोणाच्या हातात यायचे, जमीन कोणाच्या नावावर असायची, बैठकीत कोणी बोलायचं, ह्या सगळ्या ठरवाठरवीला लिंगभाव म्हणतात.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की लिंग सहसा बदलत नाही, पण लिंगभाव गावागणिक, जातीगणिक, काळागणिक बदलतो. बदलतो म्हणूनच त्याचा अभ्यास करावा लागतो.

कोकमाचं झाड नर की मादी हे आपण कलम घेताना आवर्जून विचारतो. पण कोकमाची सोलं कोण करतं हे फार कमी वेळा विचारतो. असा हा मजेशीर विरोधाभास आहे.

२) आपला सिंधुदुर्ग : बायकांनी चालवलेली शेती

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. शेजारच्या रत्नागिरीत ११२२. देशात बहुतेक ठिकाणी स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कमी, आणि आपल्याकडे जास्त. कारण आपल्याला माहीतच आहे. गेली शंभर-दीडशे वर्षं कोकणातला पुरुष मुंबईला जातोय, आधी गिरणीत, मग कंपनीत, हॉटेलात, ऑफिसात. मनीऑर्डर गावी येत होती. आता मोबाईलवरून पैसे येतात, एवढाच फरक.

मग गावची शेती कोण करतं? आपल्या ओळखीच्या कामांची यादी करूया.

• नांगरणी (जोत किंवा पॉवर टिलर) : पुरुष. घरचा नसेल तर मजुरीने लावलेला.
• तरवा काढणं, लावणी, बेणणी : स्त्रिया.
• कापणी : दोघंही, पण स्त्रिया जास्त.
• झोडणी : दोघंही.
• बियाण्याची निवड, वाळवण, साठवण : स्त्रिया.
• भात उकडणं, पेज, भाकरीचं पीठ : स्त्रिया.
• गुरांचं चारापाणी, शेणगोठा : बहुतेक स्त्रिया आणि मुलं.
• गुरं विकणं, विकत घेणं : पुरुष.
• कोंबड्या : स्त्रिया. त्यांचे पैसेही बहुतेक बाईच्याच हातात.

यादी तुमच्या गावात थोडी वेगळी असेल. तशी असली तर उत्तमच, कारण त्यातूनच मुलांना कळेल की हे कायमचं ठरलेलं नाही.

आता ह्या यादीशेजारी संशोधन ठेवू. आपल्या कोकणासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून काम करतंय. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तर १९५७ पासूनचं आहे. त्यांच्या कामाने कोकणाचं खूप भलं झालंय, हे सुरुवातीलाच मान्य करूया. पण चांगलं संशोधनसुद्धा कोणाच्या अंगावर किती काम टाकतं आणि कोणाच्या हातात किती पैसे देतं, हा प्रश्न वेगळा आहे. तीन उदाहरणं बघू.

३) उदाहरण पहिलं : चारसूत्री भात आणि वाकलेली कंबर

डॉ. नारायण सावंत ह्यांची चारसूत्री भात लागवड कृषी खात्याच्या माहितीपत्रकात तुम्ही वाचली असेल. चार सूत्रं अशी. भाताच्या अवशेषांचा (तुसाची राख, पेंढा) फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटचा वापर.

ब्रिकेटमागचं शास्त्र फार सुंदर आहे. आपल्याकडे पाऊस एवढा की वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, काही हवेत उडून जातो. म्हणून खताची छोटी गोळी (ब्रिकेट) करून ती चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे हवा पोचत नाही, नत्र टिकून राहतं आणि रोपाला हळूहळू मिळतं. खत कमी लागतं, भात जास्त येतो. ह्यात शंका नाही.

आता गणित करूया. सहावीच्या मुलांना नक्की जमेल.

लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने करायची असते, उभीही आणि आडवीही. म्हणजे चार चुडांचा एक चौकोन दर ४० सेंटिमीटरला येतो. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट.

एका चौकोनाला लागणारी जागा : ४० × ४० = १६०० चौ. सेंमी.
एक आर म्हणजे १०० चौ. मीटर = १०,००,००० चौ. सेंमी.
एका आरला ब्रिकेट : १०,००,००० ÷ १६०० = ६२५
एका हेक्टरला : ६२५ × १०० = ६२,५००

एक ब्रिकेट साधारण २.७ ग्रॅमची. म्हणजे आरला सुमारे १.७ किलो आणि हेक्टरला साधारण १७० किलो खत. माहितीपत्रकात एवढं गणित असतं आणि ते बरोबरच आहे.

पण अजून एक गणित त्यात नसतं. ६२,५०० वेळा खाली हात घालून गोळी खोचणार कोण? बाई. आधी २,५०,००० चूड लावलेले असतात तीच बाई, त्याच दिवशी, त्याच चिखलात, पाठीवर पाऊस घेत. कोकणात एक हेक्टर सलग मळा फार थोड्यांकडे असतो, हे खरं. पण दहा आर म्हटले तरी सहा हजारांवर गोळ्या होतात.

मग ही पद्धत वाईट का? अजिबात नाही. खताचे पैसे वाचतात आणि घरात भात जास्त येतो. पण हिशेब अर्धाच केलेला आहे. वाचलेलं खत वहीत दिसतं, दुखणारी कंबर वहीत दिसत नाही. आणि एखाद्या गावाने ही पद्धत उचलली नाही तर आपण पटकन म्हणतो, "लोक सुधारत नाहीत." खरं तर कुठल्यातरी बाईने मनातल्या मनात गणित करून "नको" म्हटलेलं असतं. तिला आधीच विचारलं असतं, तर उभ्याने ब्रिकेट खोचायच्या साधनाची गरज पहिल्याच वर्षी पुढे आली असती.

असंच कापणीचं. शिफारस असते की भात वैभव विळ्याने, अगदी जमिनीलगत कापा. कारण बुडख्यात खोडकिडीच्या अळ्या राहतात. पिकासाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. पण जमिनीलगत कापायचं म्हणजे आणखी खाली वाकायचं. पिकाच्या कीडशास्त्राइतकाच माणसाच्या कंबरेचाही अभ्यास हवा, एवढंच म्हणणं आहे.

आपल्या देशात असा अभ्यास होतो, हे मुलांना आवर्जून सांगा. भुवनेश्वरला केंद्र सरकारची कृषीतील महिलांसाठीची एक स्वतंत्र संशोधन संस्था आहे, १९९६ पासून. बाईची उंची, हाताची पकड, उचलता येणारं वजन ह्यांचा विचार करून अवजारं सुधारणं हा तिथल्या कामाचा भाग आहे. पुरुषाच्या मापाने केलेली मूठ बाईच्या हाताला सुटी होते आणि बोटांना फोड येतात. ही गोष्ट साधी वाटते, पण ती लक्षात यायला स्वतंत्र संस्था काढावी लागली.

४) उदाहरण दुसरं : काजूची मोठी बी

हे उदाहरण जरा आनंदाचं आहे.

वेंगुर्ला केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या. १९८१ मध्ये वेंगुर्ला-४ आली. तिची बी सरासरी ७.७ ग्रॅमची. १९९७ मध्ये वेंगुर्ला-७ आली. तिची बी साधारण १० ग्रॅमची. मोठ्या गराला बाजारात भाव जास्त, म्हणून मोठी बी निवडली गेली.

पण काजू फोडतं कोण? आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही काजू कारखान्यात डोकावून बघा. रांगेने बसलेल्या बायका. काजूच्या सालीत दाहक तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते. हातमोजे घातले तर काम हळू होतं आणि मजुरी कमी पडते.

आता पुन्हा गणित. एक किलो काजूबी फोडायची, तर
वेंगुर्ला-४ च्या : १००० ÷ ७.७ = सुमारे १३० बिया
वेंगुर्ला-७ च्या : १००० ÷ १० = १०० बिया

म्हणजे दर किलोमागे तीस वेळा कमी पाय दाबायचा, तीस वेळा कमी साल हाताला लागायची. जात काढताना कोणी हातांचा विचार केला होता की नाही हा मुद्दा नाही. बीच्या आकाराचा बाईच्या हाताशी संबंध आहे, हा मुद्दा आहे.

मात्र इथेही पुढचा प्रश्न राहतोच. किलोवर मजुरी असेल आणि दर तोच राहिला, तर मोठ्या बीचा फायदा फोडणारीला मिळेल. मोठी बी आली म्हणून दर उतरवला, तर तोच फायदा मालकाला जाईल. संशोधनाने वाचवलेला वेळ कोणाच्या वाट्याला जातो हे झाड ठरवत नाही, माणसं ठरवतात.

५) उदाहरण तिसरं : खुडूक कोंबडी

आता पशुपालनाकडे येऊ. माझ्या सासूबाईंच्या कोंबड्या हा आमच्या घरातला स्वतंत्र विभाग आहे. त्यात कोणी लुडबूड करायची नाही.

काही वर्षांपूर्वी सुधारित जातीच्या कोंबड्यांची पिल्लं गावात वाटली गेली. अशा जातींमध्ये गिरिराजा (बेंगळुरूची) आणि वनराजा (हैदराबादची) ही नावं तुम्ही ऐकली असतील. परसातल्या कुक्कुटपालनासाठीच त्या तयार झाल्या. वजन छान भरतं, अंडीही गावठीपेक्षा बरीच जास्त. आमच्याकडच्याही कोंबड्या चांगल्या वाढल्या. पण सासूबाई खूश नव्हत्या. म्हणाल्या, "अंडी घालता, पण खुडूक बसणा नाय. जी खुडूक बसणा नाय ती कोंबी माका कित्याक व्हयी?"

मला आधी हसू आलं. मग शास्त्र वाचलं आणि हसू थांबलं.

कोंबडी खुडूक बसते तेव्हा अंडी देणं थांबवते. एकवीस दिवस अंडी उबवते, नंतर पिल्लं सांभाळते. अंडी मोजणाऱ्या शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा वाया गेलेला काळ. म्हणून जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूकपणा कमी होत जातो. पण सासूबाईंच्या दृष्टीने खुडूक कोंबडी म्हणजे फुकटचं उबवणी यंत्र, पिल्लांची आया आणि पुढच्या वर्षीचं भांडवल. ती नसेल तर दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. पिल्लं आणायची तर गाडी, पैसे, आणि "जरा आणून द्याल काय" असं कोणाला तरी विनवणं. म्हणजे जो व्यवहार पूर्णपणे बाईच्या हातात होता तो दुसऱ्याच्या हातात गेला.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त "चांगली कोंबडी" ह्या शब्दाचा अर्थ दोघांचा वेगळा आहे. संशोधन सुरू करण्याआधी "तुमच्या मते चांगली कोंबडी कुठली?" एवढं विचारलं असतं, तर हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. ज्या घरात शहाण्णव अंड्यांपेक्षा आठ जगलेली पिल्लं महत्त्वाची आहेत, तिथे फक्त अंडी मोजून चालणार नाही.

दुसरी गोष्ट मानमोडीची. हा रोग आला की खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं. लस आहे, पण ती थंड ठेवावी लागते आणि एक कुपी साधारण शंभर कोंबड्यांना पुरेल अशी असते. पाण्यात कालवली की थोड्या वेळात वापरावी लागते. ज्या बाईकडे दहा कोंबड्या आहेत तिने काय करायचं? लस तयार झाली ती मोठ्या पोल्ट्रीच्या मापाने.

हाच प्रश्न आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत होता. तिथे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी, डोळ्यात थेंब टाकून देता येणारी मानमोडीची लस वापरात आली. गावातल्याच लोकांना, त्यात बायकांनाही, ती द्यायचं शिक्षण दिलं गेलं. घरोघरच्या थोड्या थोड्या कोंबड्या एकाच दिवशी टोचायच्या, म्हणजे कुपी वाया जात नाही. खेड्यातल्या कोंबड्या बाई सांभाळते, तर लससुद्धा तिच्या हातापर्यंत पोचली पाहिजे, असा विचार त्यामागे होता. आपल्याकडेही वाडीतल्या बचत गटाने एक दिवस ठरवला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलणं केलं, तर शंभर कोंबड्या एका सकाळी सहज जमतात.

६) जगाचं काय म्हणणं आहे?

ही फक्त मालवणची गोष्ट नाही. १९७० मध्ये एस्टर बोसरप ह्या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी विकसनशील देशांच्या विकासातल्या स्त्रियांच्या कामावर पुस्तक लिहिलं. शेतीच्या सुधारणा पुरुषांना शिकवल्या जातात आणि प्रत्यक्ष शेत कसणाऱ्या स्त्रिया मागे पडतात, ही गोष्ट त्यांनी ठळकपणे मांडली.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ च्या अहवालात हिशेब मांडला. विकसनशील देशांतल्या शेतीत राबणाऱ्या हातांपैकी सरासरी ४३ टक्के स्त्रियांचे. त्यांना पुरुषांइतकीच जमीन, बियाणं, खत, कर्ज आणि माहिती मिळाली, तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं आणि जगातल्या १० ते १५ कोटी लोकांची भूक भागू शकते. म्हणजे हा "बायकांचा प्रश्न" नाही, तो भाताच्या कणगीचा प्रश्न आहे.

२०१२ मध्ये शेतीतलं स्त्रियांचं सक्षमीकरण मोजायचा एक निर्देशांक आला. त्यात पाच गोष्टी बघतात. शेतीचे निर्णय, साधनांवरचा हक्क, उत्पन्नावरचा ताबा, गावातलं नेतृत्व आणि वेळ. पाचवी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या देशात २०१९ मध्ये वेळ वापराची पाहणी झाली. तेव्हा घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आता ज्या बाईची पाच तास आधीच गेलेली आहेत तिला आपण प्रशिक्षणाला सकाळी अकराला तालुक्याच्या गावी बोलावतो, आणि ती आली नाही तर म्हणतो, "महिलांचा प्रतिसाद कमी आहे."

७) सातबाऱ्यावरचं नाव

संशोधन शेतापर्यंत पोचायचं तर बहुतेक वाटा सातबाऱ्यावरून जातात. कर्ज, अनुदान, विमा, प्रात्यक्षिकाचा प्लॉट, सगळीकडे आधी विचारतात, "जमीन कोणाच्या नावावर?" २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या जमीनधारकांपैकी स्त्रिया साधारण १४ टक्केच होत्या. कोकणात तर सामाईक सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही देवाघरी, आणि जी चिखलात आहे तिचं नाव त्यात नाही.

महाराष्ट्राने ह्यावर विचार केलेला आहे, हे अभिमानाने सांगायला हवं. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं चांदवडला (जि. नाशिक) महिला अधिवेशन झालं. लाखो शेतकरी स्त्रिया जमल्या होत्या. त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावावर जमिनीचा वाटा करून द्यायचा. १९९२ मध्ये शासनानेही सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आणली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, संपूर्ण देशात तो २००५ मध्ये आला.

आणि ज्ञानाचं म्हणाल, तर अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे आहेतच. शाळेत न गेलेल्या ह्या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपल्याकडेही पेजेसाठी कुठला लाल तांदूळ, उकड्यासाठी कुठला, हे घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा. नवीन जात आली की पुरुष विचारतात, "किती क्विंटल उतरतो?" आजी विचारते, "पेज कशी होता? पेंढो गुरांका पुरात काय?" दोन्ही प्रश्न शास्त्रीयच आहेत.

८) संशोधकाने विचारायचे चार प्रश्न

कुठलंही नवीन बियाणं, यंत्र, जनावर किंवा पद्धत आली की हे चार प्रश्न विचारायचे. मुलांच्या वहीत लिहून द्या.

१. हे काम आज कोण करतं?
२. नवीन पद्धतीने कोणाचं काम वाढेल, कोणाचं कमी होईल?
३. पैसे कोणाच्या हातात येतील?
४. ठरवताना कोणाला विचारलं?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल एक सावधगिरी. दहा कोंबड्या बाईच्या असतात. पाचशेची शेड झाली, कर्ज आलं, की धंदा बापयाचा होतो. काम मात्र तिचंच राहतं. लहान असेपर्यंत तिचं, मोठं झालं की त्याचं, असं होऊ नये म्हणून प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा.

आणि एक गैरसमज दूर करूया. हा पाठ पुरुषांच्या विरोधात नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून गावी पैसे पाठवणाऱ्याचे कष्ट काही कमी नाहीत. पण दोघांचं काम दोन्ही रकान्यांत दिसलं पाहिजे. नुसतं "महिलांसाठी योजना" म्हणून बाईवर आणखी एक काम टाकलं, तर तो लिंगभावाचा विचार नव्हे, ते नवीन ओझं झालं.

९) वर्गात करून बघण्यासारखा उपक्रम : घरातलं घड्याळ

वहीत दोन मोठी घड्याळं काढायला सांगा, एक आईचं आणि एक बाबांचं (किंवा घरातल्या कोणत्याही दोन मोठ्या माणसांचं). सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोण काय करतं ते रंगवायचं. शेत, गोठा, स्वयंपाक, नोकरी, विश्रांती, प्रत्येकाला वेगळा रंग. ज्यांचे बाबा मुंबईला आहेत त्यांनी फोन करून विचारायचं.

मी हा उपक्रम घेतला तेव्हा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, आईच्या घड्याळात विश्रांतीचा रंग भरायला जागाच नाही. चुकलं काय माझं?" मी त्याला म्हटलं, "नाही रे, तुझं बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी त्याने येऊन सांगितलं की संध्याकाळी कोंबड्या त्याने आत घेतल्या आणि पाणीही त्यानेच भरलं. मी शाबासकी दिली. खरी शाबासकी त्याच्या आईने दिली असणार.

स्वाध्याय

१. लिंग आणि लिंगभाव ह्यांतला फरक तुमच्या घरातल्या दोन उदाहरणांनी सांगा.
२. तुमच्या वाडीतल्या एका मळ्याचं क्षेत्र आरमध्ये काढा. चारसूत्री पद्धतीने त्याला किती ब्रिकेट लागतील?
३. घरातल्या आजीला विचारा : चांगली कोंबडी, चांगली गाय आणि चांगला तांदूळ कशाला म्हणायचं? उत्तरं तिच्याच शब्दांत, मालवणीत लिहा.
४. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर स्त्रियांची नावं किती आहेत? मोठ्यांच्या मदतीने बघा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे. आपल्या देशात १५ ऑक्टोबर हा महिला किसान दिवस असतो, तेव्हा आपल्याकडे कापणी चालू असते. त्या दिवशी भाषणं नाही केली तरी चालतील. मुलांना घेऊन एखाद्या मळ्यावर जा आणि कापणाऱ्या बायकांना विचारा, "तुम्हाला शेतीत काय बदललेलं हवं?" मुलांनी ते लिहून घ्यावं. तेही संशोधनच आहे.

आणि हो, आता प्रवेशाचा फॉर्म भरताना मी "आईचा व्यवसाय?" असं विचारतच नाही. विचारते, "काकी, आज सकाळपासून काय काय काम केलंत?" त्या सांगतात. मग त्या रकान्यात जे लिहायला हवं ते मी लिहिते. शेतकरी.